छोट्या प्रकाशकांच्या चित्रकादंबऱ्या : तुम्ही कोणती, कोणाच्या हाती दिलीत?

नवयाना, तारा बुक्स, ब्लाफ्ट या छोट्या, स्वतंत्र प्रकाशकांनी आपल्या देशात चित्रकादंबरीचं फार मोलाचं काम केलंय, पण ते फार थोड्या घरांत पोहोचलंय. म्हणून हा अनुभव धागा. परीक्षणं नकोत. कोणतं पुस्तक कोणाला दिलंत आणि त्या माणसानं ते कसं वाचलं, एवढं सांगा. बाहेरदेशी छोट्या प्रकाशकांची पुस्तकंही चालतील.

चित्रकला शिक्षिका

मी 'भीमायन'चंच नाव घेणार. नवयानानं २०११ साली काढलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, आधार बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींचा. आठवीच्या वर्गात उघडून ठेवलं तर पहिला प्रश्न आला, "बाई, यात चौकटी कुठे आहेत?" चौकटी नाहीतच. आमच्या माणसांना आम्ही खोक्यात कोंबणार नाही, त्यांचा जीव गुदमरतो, आमची कला खुली आहे, असं व्याम दांपत्यानं आधीच सांगून टाकलं होतं. त्यामुळे एका प्रसंगातून दुसऱ्यात नेतात त्या दिग्नाच्या वळणदार पट्ट्या. दिग्ना म्हणजे गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढायची नक्षी.

संवादाचे फुगे तर बघतच राहावेत असे. साध्या, सोसणाऱ्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं. ज्याचे शब्द डसतात त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला डोळा. मुलांनी हे कोणी न सांगता ओळखलं, आणि मग वर्गात वाद पेटला : वरवर गोड बोलून अपमान करणाऱ्याला कुठला फुगा द्यायचा? पक्ष्याला नांगी काढावी, असं एका मुलीनं सुचवलं. तिची वही मी अजून जपून ठेवली आहे. महाडच्या भाषणाचं पान शोधून बघाच, भोंग्यांमधून पाण्याचे तुषार उडतात. पाण्याच्या हक्काची लढाई इतकी नेमकी दाखवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

बँकेत नोकरी, वाचन रात्री

हेच पुस्तक मी वडिलांना दिलं. त्यांना बाबासाहेबांचं चरित्र तोंडपाठ, त्यामुळे चित्रांच्या पुस्तकात आपल्याला नवीन काय मिळणार, असा त्यांचा सूर होता. १९०१ साली लहान भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघतात, मसूर स्टेशनावर उतरतात, जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो, आणि शेवटी दुप्पट भाडं मोजून मुलंच बैलगाडी हाकतात. हा प्रसंग त्यांनी भरभर पालटला. थांबले ते १९२९ च्या चाळीसगावपाशी. महाराला बसवून टांगा हाकायला टांगेवाला तयार नाही आणि पाहुण्यानं वस्तीपर्यंत चालत यावं हे वस्तीतल्या लोकांना मान्य नाही. म्हणून त्यांनी टांगा भाड्यानं आणून आपल्यातलाच, हाकायची सवय नसलेला माणूस पुढे बसवला, आणि टांगा उलटून बाबासाहेबांचा पाय मोडला. ती पानं वडिलांनी आईला वाचून दाखवली, इंग्रजी वाक्यांचं जागच्या जागी मराठी करत.

त्यांची एक तक्रार मात्र मलाही पटते. बसथांब्यावर आरक्षणावरून जी दोघांची चर्चा पुस्तकभर चालते ती पाठ्यपुस्तकी वाटते. चित्रांनी जे आधीच सांगितलंय, ते ती पुन्हा समजावून सांगते.

मराठीची प्राध्यापिका

'गुलामगिरी' शिकवताना मी 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' बरोबर ठेवते. प्रकाशक नवयानाच, लेखन श्रीविद्या नटराजन, चित्रं अपराजिता निनान, काळी-पांढरी. मूळ ग्रंथ १८७३ चा, जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादाचा. विद्यार्थी तो परीक्षेपुरता वाचतात, जोतीरावांची धारदार चेष्टा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. इथे ती चेहऱ्यांवर दिसते. लेखिका आणि चित्रकर्ती स्वतः पुस्तकात पात्रं होऊन वावरतात, आजच्या बातम्यांवर बोलतात. जोतीरावांनी आपला ग्रंथ अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केला होता. त्या अर्पणपत्रिकेचा धागा हे पुस्तक शेवटपर्यंत सोडत नाही. माझा आग्रह एवढाच : आधी मूळ वाचा. ते नव्वद टक्के लोकांनी नुसतं ऐकलेलं असतं.

पर्यावरणाचा विद्यार्थी

ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज'. नर्मदेवरचं धरण, विस्थापित होणारी गावं आणि आंदोलन. भारतातली पहिली चित्रकादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. विष्णू नावाचा शहरी पत्रकार बातमीसाठी तिकडे जातो, आणि दुसऱ्या अंगानं मलगू गायन नावाचा गायक सृष्टीच्या उत्पत्तीचं गाणं गात असतो. दोन्ही कथा वेगवेगळ्या हाताच्या वाटाव्यात अशा रेखाटल्या आहेत. मी हे पुस्तक अक्राणीकडच्या एका मित्राला दिलं. त्याच्या आजोळचं गाव बुडितात गेलेलं. गाण्याची पानं त्यानं आधी वाचली, पत्रकाराची नंतर. माझा क्रम बरोबर उलटा होता. त्याच्या क्रमानं पुन्हा वाचल्यावर धरणाच्या आकडेवारीची पानं मला फार वेगळी दिसली.

गृहिणी

'सीताज रामायण', तारा बुक्स, २०११. चित्रं मोयना चित्रकार या बंगालच्या पटुआ (पटावर गोष्टी रंगवून त्या गाणाऱ्या) चित्रकर्तीची, मजकूर संहिता अर्नींचा. गोष्ट सीता सांगते, म्हणून युद्धापेक्षा युद्धात मागे उरलेल्या बायका जास्त दिसतात. जाऊबाईंना दिलं, परत आलं नाही, आणि मला त्याचा आनंद आहे.

वार्ताहर

नव्या सहकाऱ्यांना मी जो सॅको या चित्रकार-पत्रकाराचं 'पॅलेस्टाइन' देतो. अमेरिकेतल्या फँटाग्राफिक्सनं आधी सुटे अंक काढले, मग पुस्तक. चिखल, दाटीवाटीच्या खोल्या, चहाचे पेले, सगळं ओळीओळीनं कोरलेलं. शिकण्यासारखं हे की सॅको स्वतःला चित्रात ठेवतात. प्रश्न विचारणारा कोण आहे, हे वाचकापासून लपवत नाहीत.

आणखी एक वाचक

कधीच कॉमिक न वाचलेल्या माणसाला 'भीमायन' आधी देऊ नका, असं मला मनापासून वाटतं. चौकटी नसल्यानं डोळा कुठे न्यायचा ते कळत नाही आणि माणूस कंटाळून पुस्तक मिटतो. अशांना मार्जान सत्रापींचं 'पर्सेपोलिस' द्या. ल'असोसिएशन हे पॅरिसचं प्रकाशन चित्रकारांनीच १९९० मध्ये उभं केलं आणि २००० ते २००३ या काळात हे पुस्तक चार भागांत काढलं. सरळ काळी-पांढरी चौकट, इराणमधली एक हट्टी मुलगी. वाचायची सवय आपोआप लागते.

ग्रंथपाल

आमच्याकडे ही पुस्तकं येतात तशी बालविभागात जातात, चित्रं आहेत म्हणून. मी 'भीमायन' उचलून चरित्रांच्या कपाटात बाबासाहेबांच्या इतर पुस्तकांशेजारी ठेवलं, आणि ज्यांनी बालविभागाकडे कधी पाहिलंही नसतं असे सभासद ते नेऊ लागले. दुसरं म्हणजे छोट्या प्रकाशकांच्या आवृत्त्या लहान असतात. 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ साली कल्पवृक्ष संस्थेनं काढलं, मग वर्षानुवर्षं मिळत नव्हतं, २०२२ मध्ये ब्लाफ्टनं पुन्हा छापलं. तेव्हा हवं ते पुस्तक दिसलं की घ्या. विकत घेणं जमत नसेल तर वाचनालयाच्या मागणीवहीत लिहा. दोघातिघांनी एकच नाव लिहिलं की आम्ही ते पुढच्या खरेदीच्या यादीत घालतो.