नववीच्या मुलांना उपरोधिक निबंध लिहायला शिकवावं का? (शिक्षकांची चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तिरकस तास
दहावीच्या मराठीच्या पेपरात प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक निबंध असे पर्याय असतात. त्यात फाटक्या पुस्तकाचं आत्मकथन आलं, तर ते पुस्तकही कुठल्यातरी क्लासला जात असावं अशी शंका येते, इतकं ते सगळ्या वह्यांमध्ये सारखंच रडतं. म्हणून माझं मत असं की नववीला, बोर्डाचं भूत मानगुटीवर नसताना, मुलांना उपरोधिक निबंध रीतसर शिकवावा.

सुरुवात व्याजस्तुतीपासून, म्हणजे स्तुतीच्या आडून केलेल्या निंदेपासून करावी. विषय द्यायचा 'आमच्या रस्त्यावरील खड्ड्यांचे फायदे'. मुलं आधी खिदळतात. मग कळतं की लिहिणारा माणूस खड्ड्यांवर मनापासून जीव लावणारा वाटला पाहिजे, आणि ते अवघड आहे. मध्येच 'तरी नगरपालिकेने लक्ष द्यावे' असं वाक्य आलं की सगळं सोंग गळून पडतं. बहुतेक मुलं नेमकी इथेच घसरतात, कारण निबंधाच्या शेवटी उपदेश करायची सवय आपणच लावलेली असते.

उपरोधासाठी प्रसिद्ध असलेला लेखक जोनाथन स्विफ्ट याने १७२९ मध्ये आयर्लंडच्या दारिद्र्यावर उपाय सुचवला होता: गरिबांची वर्षभराची मुलं श्रीमंतांच्या ताटात वाढावीत. त्यात आरडाओरडा कुठेच नाही, थंड डोक्याने मांडलेला हिशेब आहे आणि अंगावर येतो तो हिशेबच. अमेरिकेतल्या अनेक हायस्कुलांत हे शिकवतात. आपल्याकडे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाकडून रूढींची टर उडवून घेतली, त्यालाही शंभर वर्षं उलटून गेली. मग आपल्या वर्गात का नको?

खडूची पूड
कारण वर्गात स्विफ्ट बसलेला नसतो, चौदा वर्षांची मुलं असतात. टिंगलीला परवानगी मिळाली की पहिला नंबर खड्ड्याचा लागत नाही. तो लागतो बोलताना अडखळणाऱ्या मुलाचा, आश्रमशाळेतून नव्याने आलेल्या मुलीचा, नाहीतर हिंदीच्या बाईंचा. तुम्ही म्हणाल व्याजस्तुती, आणि मुलगा लिहील 'आमच्या वर्गातील जाड्याचे उपकार'. त्याने तुमचे नियम सगळे पाळलेले असतील! मग गुण द्याल की पालकांना बोलावाल?

तिरकस तास
ते उपकार मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच चालू आहेत, बाईंच्या फोटोचे स्टिकरसुद्धा बनतात. तिथे 'हे का लिहिलंस?' असं विचारणारं कुणी नसतं, वर्गात मी असतो. माझी अट साधी आहे: ज्याच्या हातात काही बदलण्याची सत्ता आहे त्याच्यावरच लिहायचं, आणि निबंधातला 'मी' सगळ्यात मूर्ख दिसला पाहिजे. कोल्हटकरांचा सुदामा काही उंचावर बसून इतरांना हसत नाही, त्या गोंधळात तो स्वतःच सामील असतो. जाड्यावर लिहिणाऱ्याला स्वतःला मूर्ख करून दाखवायला सांगा, निबंध तिथेच अडतो.

नोकरी सांभाळून
सत्ता असलेल्यांवर लिहायचं म्हणता? मे २०१२ आठवा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र होतं: राज्यघटना म्हणजे गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब, मागे चाबूक उगारलेले नेहरू. संसदेत गदारोळ झाला. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी त्या पुस्तकाचं मुख्य सल्लागारपद सोडलं. मग पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची तोडफोड झाली. त्यांच्यामागे निदान नाव होतं. तालुक्याच्या शाळेतल्या मास्तरामागे कोण उभं राहणार? अध्यक्षांच्या पुतण्यावर निबंध आला, की मास्तरच्या हातात मेमो.

निळी शाई
त्या चित्राबद्दल 'लोकांना विनोद कळत नाही' असं म्हणून सुटता येत नाही. तोडफोड चूकच. पण वर्गात एक मुलगा ते चित्र बघून घटनेला लागणाऱ्या वेळावर हसतो, आणि शेजारच्या मुलाला फक्त चाबूक आणि त्याच्यापुढे बाबासाहेब दिसतात. चाबूक बाबासाहेबांच्याही हातात आहे, हे कुणी सांगेपर्यंत पहिला हसून मोकळा झालेला असतो. उपरोध शिकवायचा तर आधी हे शिकवा की तोच मजकूर शेजारच्या बाकावर वेगळा वाचला जातो. लिहिणं नंतर. मी विरोधात नाही, पण घाईच्या विरोधात आहे.

रोडगा
एकनाथांचं भारूड विसरलात का मंडळी? भवानीआईला नवस करणारी सून सासऱ्याला गावीच खपव म्हणते, सासूला निर्दाळ म्हणते, नणंदेच्या पोराला खरूज मागते, आणि शेवटी मला एकटीला राहू दे म्हणते. चारशे वर्षांहून जास्त काळ गावोगाव लोक हे ऐकून हसताहेत. मेमो कुणाला आला?

खडूची पूड
त्याचा अर्थ आध्यात्मिक आहे. सासू-सासरे ही रूपकं आहेत. उगाच टवाळीच्या रांगेत बसवू नका.

रोडगा
आहेच. पण हसताना लोकांना आपल्याच घरची सासू दिसते, हेही खरं. दोन्ही अर्थ एकदम पेलणं हेच तर नववीला शिकवायचंय.

खडूची पूड
भारूड वाचायला, गायला शिकवा, माझा पूर्ण पाठिंबा. लिहून घ्यायला अजूनही विरोध. आणि घ्यायचंच असेल तर वह्या वर्गाबाहेर जाऊ देऊ नका. हल्ली पानाचा फोटो निघतो, अर्धाच परिच्छेद पालकांच्या ग्रुपवर पडतो, आणि 'खड्ड्यांमुळे म्हातारी माणसं लवकर सुटतात' हे वाक्य तुमच्या शाळेचं मत होऊन बसतं.

तिरकस तास
हे वाक्य चोरतोय, फळ्यावर उदाहरण म्हणून लिहीन. वह्या मात्र घरी जाणार. आपलं लिहिलेलं एखाद्या काकांना खरंच वाटलं, हे पोरांना कळायलाच हवं. नगरसेवकाचा फोन आलाच, तर तुमचा नंबर देऊ का?