आंब्याच्या पेटीतला फोम बुरशीने कुजवता येईल का?

देवगड_कलमवाला
हापूसच्या पेटीत फळाला फोमची जाळी आणि तळाला थर्माकोल घालतो. धिंगरीचं (ऑयस्टर अळंबीचं) बियाणं फवारलं तर हा कचरा उकिरड्यावर कुजेल का? की पॅकिंगच बुरशीचं करावं? भाताचा पेंढा घरचा आहे.

अळंबी_दापोली
फवारून काही होणार नाही. ज्या पेस्टालोटिऑप्सिस बुरशीच्या बातम्या फिरतात (येल विद्यापीठाचा शोधनिबंध, २०११), ती पॉलियुरेथेन खाते. त्यातले एस्टर बंध बुरशीच्या विकरांना (एन्झाइम) तोडता येतात. तुमची जाळी पॉलिथिनची, थर्माकोल पॉलिस्टायरीनचा. दोन्हींचा कणा नुसत्या कार्बन-कार्बन साखळीचा, तिथे धिंगरीची मात्रा चालत नाही. वर बुरशी धरली तरी ती सांडलेल्या आंबरसावर जगत असते.

बुरशीने बांधलेलं पेंढ्याचं पॅकिंग मात्र जमतं. पेंढा २-३ सेंमी कापून रात्रभर भिजवा, मग ६५-७० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा. निथळून मूठ आवळली की दोन-चार थेंबच पडावेत. धार लागली तर आंबूस वास येऊन सगळं फुकट. ओल्या वजनाच्या ८ टक्के स्पॉन (धिंगरीचं बियाणं) मिसळा, टाचणीने भोकं पाडलेल्या पिशवीत २४-२८ अंशांना ठेवा. साधारण दोन आठवड्यांत पांढरं झालं की हाताने मोकळं करा, २ टक्के कणीक मिसळा आणि साच्यात घट्ट दाबा. जाडी ५ सेंमीच्या आत हवी, नाहीतर मधे हवा न पोचून गाभा भुसभुशीत राहतो. वरून भोकांचं प्लास्टिक. चार-सहा दिवसांनी काढून एक दिवस उघडं ठेवा, वर साय धरते. लगेच वाळवा, रेंगाळलात तर अळंब्या फुटतात.

देवगड_कलमवाला
वाळवायला एप्रिलचं ऊन पुरेल ना?

सुपारीबाग_गुहागर
ऊन पाणी काढेल, बुरशी मारेलच असं नाही. वजन उतरायचं थांबेपर्यंत ७०-८० अंश द्या. काजूगराचा ट्रे ड्रायर भाड्याने मिळाला तर बघा. आणि एप्रिलमध्ये वाढवायला बसूच नका. पारा तिशीपलीकडे गेला की धिंगरी मंदावते, ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशी बाजी मारते. डिसेंबर-जानेवारीत करून कोरड्या माळ्यावर ठेवा. पावसाळ्यापर्यंत उरलेला माल मात्र ओल धरतो.

परदेशी व्हिडिओत धिंगरीऐवजी गॅनोडर्मा बुरशी सुचवतात, कारण माल जास्त कडक होतो. आपल्याकडे नको. त्याच कुळातल्या बुरश्या नारळ-सुपारीचा बुंधा कुजवतात. तिचा न वाळवलेला, जिवंत चोथा बागेत टाकलात तर रोग ओढवून घ्याल. धिंगरीच बरी.

अळंबी_दापोली
गॅनोडर्माबद्दल सहमत. आणखी एक, ही वस्तू लवचिक नसते. कोपरे आणि तळाचा ट्रे होईल, फळाभोवतीची जाळी नाही. तिथे कागद किंवा नेहमीचा पेंढाच. पिकताना आंबा घाम सोडतो, म्हणून ट्रेला बोटभर रुंद भोकं ठेवा. मासळीच्या बर्फाच्या पेटीत तर अजिबात नको, पाणी पिऊन लगदा होतो.