मदत हवी आहे : दुबईत वस्तीतल्या लहान मशिदीत पाहुणा म्हणून जाताना कोणती रीत पाळावी?

नमस्कार.

आम्ही दुबईच्या अल कुसैस भागात राहतो. आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत एक लहान मशीद आहे. पर्यटकांच्या बसगाड्या येतात अशी ती नव्हे. एकच मिनार, भिंतीला लागून थंड पाण्याचा कूलर, दाराशी चपलांच्या लोखंडी मांडण्या आणि मागच्या अंगाला इमामसाहेबांचे घर, एवढाच तिचा पसारा आहे. आमच्या वरच्या मजल्यावर मुलाकडे राहणारे एक वृद्ध सीरियन गृहस्थ तिथे पाचही वेळा जातात. माझे कुतूहल त्यांच्या ध्यानात आले असावे, कारण परवा त्यांनी आपणहून सांगितले की, एखाद्या संध्याकाळी माझ्याबरोबर चला आणि मागे बसून सगळे पाहा.

मला जायची मनापासून इच्छा आहे. माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात गेले. तिथल्या मोहल्ल्यातली माणसे आमच्याच बोलीत बोलत आणि आमचे एकमेकांच्या घरी जाणे-येणेही होते, पण मशिदीच्या पायरीपुढे मी कधी गेलो नाही. आता रोज जिची अजान ऐकून आमची पहाट होते, ती वास्तू आतून कशी आहे आणि तिथे माणसे काय करतात, हे नीट समजून घ्यावे असे फार वाटते.

जुमेराह मशीद मी पाहिली आहे. १९७९ साली खुली झालेली ही मशीद मुस्लिमेतरांना शुक्रवार सोडून इतर दिवशी मार्गदर्शकासह पाहता येते. तिथले स्वयंसेवक वजू, म्हणजे नमाजेपूर्वी हातपाय-तोंड धुण्याचा विधी, कसा करतात ते दाखवतात आणि कोणत्याही प्रश्नाला शांतपणे उत्तर देतात. अबू धाबीची शेख झायेद मशीदही पाहिली. तिथे सगळी व्यवस्था पाहुण्यांना गृहीत धरूनच केलेली आहे. वस्तीतल्या मशिदीत मात्र दिवसभराच्या कामावरून आलेला माणूस प्रार्थनेसाठी उभा असतो, आणि माझ्या उपस्थितीमुळे त्याचे चित्त विचलित व्हावे हे मला मुळीच मान्य नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. शेजाऱ्यांचे निमंत्रण पुरेसे आहे, की इमामसाहेबांची परवानगी वेगळी घ्यावी? खुल्या ठेवलेल्या मशिदींखेरीज इतरत्र मुस्लिमेतरांनी जाऊ नये, असे पर्यटकांसाठीच्या माहितीत सहसा वाचायला मिळते. तो कायदा आहे की प्रघात? सगळे रांगेत उभे राहिले असताना आपण बसून राहणे उद्धटपणाचे दिसेल का, आणि तसे असेल तर आदर म्हणून रांगेत उभे राहावे का? पत्नीलाही यायचे आहे. तिने काय करावे? रिकाम्या हाताने जाणेही बरे वाटत नाही, तेव्हा मशिदीला काही देणगी द्यावी का?

प्रतिसाद

नमस्कार. शारजात बरीच वर्षे राहिल्यामुळे आणि अशा भेटीला स्वतः गेलो असल्यामुळे लिहितो.

इमामसाहेबांना आधी विचाराच, आणि शेजाऱ्यांनाच विचारायला सांगा. हा मुख्यतः प्रघाताचा प्रश्न आहे, पण त्यामागे इस्लामी धर्मशास्त्राच्या निरनिराळ्या परंपरांमधील खरा मतभेद आहे. हनफी परंपरा मुस्लिमेतरांच्या मशीदप्रवेशाबाबत बरीच मोकळी आहे, शाफई परंपरेत मुस्लिम व्यक्तीच्या परवानगीने प्रवेश चालतो, तर मालिकी परंपरेचे मत कडक आहे. सीरियात पहिल्या दोन परंपरांचे लोक अधिक आहेत आणि दुबईत मालिकी परंपरा जुनी आहे, त्यामुळे आपल्या शेजाऱ्यांना जे सहज वाटते ते इथल्या प्रत्येकाला तसेच वाटेल असे नाही. मोरोक्को मालिकी देश. तिथे कासाब्लांकाच्या हसन दुसरा मशिदीसारखे मोजके अपवाद सोडले तर पाहुण्यांना दारातूनच परतावे लागते. इमाम इथे शासनाच्या धार्मिक व्यवहार विभागाच्या अखत्यारीत काम करतात, त्यामुळे त्यांनी नकार दिला तर आग्रह धरू नये आणि शेजाऱ्यांनाही धरू देऊ नये. मी हिंदू आहे आणि फक्त बसून पाहणार आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

रांगेत मात्र उभे राहू नका. जमातीच्या, म्हणजे इमामामागे एकत्र पढायच्या, नमाजेत खांद्याला खांदा लावून, मध्ये फट न ठेवता उभे राहण्याला फार महत्त्व आहे. नमाज न पढणारा माणूस मध्ये उभा राहिला तर ती रांगच तुटते, म्हणून मागच्या भिंतीपाशी बसणे हाच खरा आदर. गुडघेदुखीमुळे खुर्चीवर बसून नमाज पढणारे वृद्ध असतातच, त्यामुळे बसलेला माणूस कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका. काही जण जमात संपल्यावरही एकेकटे पढत राहतात, तेव्हा उठण्यापूर्वी आजूबाजूला पाहून घ्या. कुराणाच्या प्रती भिंतीलगतच्या कपाटात ठेवलेल्या असतात, त्यांना आपण होऊन हात लावू नये. वजू करण्याची आपल्याला गरज नाही. मोजे मात्र स्वच्छ असू द्या, कारण त्याच गालिच्यावर लोक कपाळ टेकतात.

वेळेबाबत माझे मत शेजाऱ्यांपेक्षा थोडे वेगळे आहे. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजेच्या, अजानीनंतर काही मिनिटांतच जमात उभी राहते, त्यामुळे सगळीच घाई होते. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजेच्या, वेळी अजान आणि इकामत (जमात उभी राहतानाची दुसरी पुकार) यांत अधिक अवधी असतो. लोक एकेक करून येतात, भिंतीवरच्या विजेच्या फलकावर इकामतीची वेळ दिसत असते, आणि मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा), मिंबर (प्रवचनाचे व्यासपीठ), गालिच्यावरच्या रांगांच्या रेघा हे सारे निवांत पाहता येते. पहिल्या भेटीसाठी शुक्रवारची दुपार आणि रमजानमधील इशा टाळा. शुक्रवारी गर्दी अनेकदा बाहेरच्या पदपथापर्यंत येते आणि रमजानमध्ये इशानंतर तरावीहची लांब नमाज असते.

वहिनींना बहुधा महिलांच्या वेगळ्या दाराने वेगळ्या दालनात जावे लागेल. तिथे ओळखीचे कोणी नसेल तर अवघडल्यासारखे होते, म्हणून शेजाऱ्यांच्या घरातील एखादी स्त्री बरोबर असेल तरच त्यांनी यावे. केस झाकणारी ओढणी आणि मनगट व घोट्यापर्यंतचे सैल कपडे पुरेत.

देणगीचा विचार सोडून द्या. या देशात देणग्या गोळा करण्याचा अधिकार परवानाधारक संस्थांनाच आहे, आणि इमामसाहेबांच्या हातात पैसे ठेवले तर त्यांचीच पंचाईत होईल. शेजाऱ्यांच्या घरी मात्र साजूक तुपातले बेसनाचे लाडू जरूर न्या आणि त्यांनी थांबवून चहा पुढे केला तर निदान एक पेला घेतल्याशिवाय उठू नका.