फायबरच्या होडीला आरपार तडा, पॉलिस्टर रेझिन घरी लावता येईल का? (पुणे)

धायरीची_अनघा
नमस्कार. बाबांची बारा फुटी फायबरची होडी पानशेतजवळ मामांच्या खळ्यात चार वर्षं पालथी पडून होती. परवा टेम्पोत घालून धायरीला आणली. तळाला वीतभर तडा आहे, आरपार. पूर्वी त्यात इपॉक्सी पुटी भरली होती, ती आता अर्धी सुटली आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत नीट करून बाबांना एकदा तीत बसवायचंय. दुकानातून पॉलिस्टर रेझिन, ४५० ची मॅट (काचतंतूंची चटई, चौरस मीटरला ४५० ग्रॅम) आणि दोन छोट्या बाटल्या आणल्यात, प्रमाण कुठेच लिहिलेलं नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम चालेल का?

भोसरीचा_लॅमिनेटर
ताई, सगळ्यात आधी त्या दोन बाटल्या एकमेकींपासून लांब ठेवा. जांभळी ती कोबाल्ट (हार्डनरचं काम जलद करणारं), पाण्यासारखी ती हार्डनर (रेझिन घट्ट करणारं). दोन्ही थेट एकत्र आल्या तर भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. रेझिन मुळातच गुलाबी-जांभळट दिसत असेल तर कोबाल्ट बहुधा घातलेलंच आहे, दुकानात विचारून खात्री करा.

हार्डनर वजनावर मोजा. एक किलोला १० ते २० ग्रॅम, आताच्या उन्हाळ्यात १० च्या आसपास. झाकणाने अंदाजे ओतू नका. मी शिकाऊ असताना दुपारी एक मग भरून कालवलं होतं. मॅट कापून वळतो तोवर मगात जेली झाली, धूर निघाला आणि तो मगच वितळून वाकडा झाला. तेव्हापासून पाव-पाव किलोच कालवतो, तेही सकाळी सातला.

पुटी मात्र कणभरही ठेवू नका. जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी बसते, पण इपॉक्सीवर पॉलिस्टर धड चिकटत नाही. ग्राइंडरला ४० नंबरचा कागद लावून खरं फायबर दिसेपर्यंत घासा. तड्याच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या बारापट उतार द्या, म्हणजे ४ मिमीच्या तळाला जवळजवळ ५ सेंमी. मग नाण्याने टकटक करत आजूबाजूला फिरा. आवाज बद्द आला तर आतले थर सुटलेत, तिथपर्यंत घासत जा. तडा फक्त बुजवला तर पाण्यात पहिल्याच हिसक्याला पुन्हा उघडतो, ताकद त्या उतारातूनच येते.

४५० च्या मॅटचा एक थर साधारण १ मिमी भरतो, तुम्हाला चार-पाच लागतील. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन घ्या. ब्रश ओढू नका, टोचत जा. पांढरी मॅट भिजली की काचेसारखी होते आणि खालचं दिसायला लागतं. पांढरं राहिलं तिथे हवा आहे, रोलरने बाहेर काढा. दोन थर झाले की गरम होऊन निवू द्या, मग पुढचे.

मुठाकाठ
बंद पार्किंग नको. रेझिनमधल्या स्टायरीनची वाफ जड असते, खालीच साठते आणि पेटही घेते. गच्ची किंवा मोकळं अंगण बघा. साध्या कापडी मास्कचा वाफेला उपयोग नाही, वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचा घ्या. चष्मा तर हवाच. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं पाण्याने धुवत राहायचं आणि लगेच डॉक्टर.

धायरीची_अनघा
खूप आभार. पुटी पूर्ण काढली. घासल्यावर एका कोपऱ्यात ओल दिसतेय, बोट लावलं की गार लागतं. वरून रेझिन मारून टाकू का?

भोसरीचा_लॅमिनेटर
अजिबात नको! ओल्यावर रेझिन पकडत नाही, महिन्याभरात फोड येतील. आठ-दहा दिवस उन्हात ठेवा, रात्री झाका. मग त्या जागेवर पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवा; दुसऱ्या दिवशी आत दव धरलं नाही तर ॲसिटोनने पुसून काम सुरू करा. आणि होडी सतत पाण्यात ठेवणार असाल तर साधं रेझिन परत करून आयसो (आयसोफ्थॅलिक पॉलिस्टर रेझिन) मागा, पाण्याला जास्त टिकतं.

धायरीची_अनघा
आयसो बदलून आणलं. प्लॅस्टिक आज चिकटवलं, आतून अजून धुकं धरतंय. थांबते. शेवटचा थर चिकट राहतो असं ऐकलंय, त्याला काय करू?

मुठाकाठ
हवेमुळे राहतो. शेवटच्या रेझिनमध्ये किंवा जेलकोटमध्ये (वरून लावायच्या रंगीत रेझिनमध्ये) वॅक्स सोल्यूशन (पातळ केलेलं मेण) घाला, नाहीतर ओल्यावरच पॉलिस्टर फिल्म दाबून बसवा आणि सुकल्यावर सोला. पण मधल्या थरांत वॅक्स नको, वरचा थर सुटेल.