नवख्यांच्या प्रोग्रामिंगच्या प्रश्नांना उत्तर देताना: अनुभव धागा

मंडळी, पुण्यात सबमिशन जवळ आलं की "प्रोग्राम चालत नाहीये, प्लीज हेल्प" असे एका ओळीचे प्रश्न सुरू होतात. अशा वेळी तुम्ही नेमकं काय विचारता, काय सांगता? "गूगल कर" सोडून लिहा.

कर्वेनगरकर:
आधी फक्त एरर मागा, जशीच्या तशी. पायथनच्या ट्रेसबॅकमध्ये (प्रोग्राम अडल्यावर छापल्या जाणाऱ्या एररच्या पूर्ण मजकुरात) कामाची ओळ सगळ्यात खाली असते आणि नवखे नेमक्या वरच्या चार ओळी पाठवतात. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको. त्यातला कोड चालवून बघता येत नाही. प्रश्न मराठीत चालेल हेही सांगून टाका. इंग्रजी जुळवताना महत्त्वाचा तपशील गळतो. एरर मात्र मूळ इंग्रजीतच हवी.

औंधवासी:
"माझ्याकडे तर चालतंय" हे उत्तर नव्हे. मराठी मजकुराची एक फाइल उघडते, दुसरी अडते, असं कुणी म्हणालं तर ते अगदी खरं असू शकतं. विंडोजवर पायथनच्या ओपनला (फाइल उघडणाऱ्या फंक्शनला) एन्कोडिंग, म्हणजे कुठले बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता, दिलं नाही, तर आपल्याकडे सहसा सीपी-१२५२ हा विंडोजचा जुना, देवनागरी नसलेला तक्ता धरला जातो. फाइल मात्र बहुधा यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये असते आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'मराठी'चे सगळे बाइट सीपी-१२५२च्या तक्त्यात सापडतात, म्हणून एरर येत नाही, नुसता कचरा दिसतो. 'पुणे'तल्या उकाराचा शेवटचा बाइट ८१ (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या अंकलेखनात). त्याला तक्त्यात जागाच नाही, म्हणून युनिकोडडिकोडएरर (बाइटचं अक्षर करता आलं नाही, अशी एरर). पाय मोडण्याच्या चिन्हाचंही तेच, तिथे ८डी. ओपनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहिलं की दोन्ही फाइली नीट वाचल्या जातात. उपायासोबत हे कारणही सांगाच, म्हणजे फाइल लिहितानाही एन्कोडिंग द्यायचं लक्षात राहतं.

सहकारनगर_२:
इन्स्टॉल करूनही मॉड्यूल (प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड) सापडत नसेल तर "पुन्हा इन्स्टॉल करा" सांगू नका. बहुधा संगणकावर दोन पायथन असतात: पिप (मॉड्यूल इन्स्टॉल करणारं साधन) एकाचं आणि प्रोग्राम चालतोय दुसऱ्यावर. प्रोग्राममध्येच सिस.एक्झिक्युटेबल (sys.executable, चालू पायथनचा पाथ) छापायला सांगा. जो पाथ येईल तोच पायथन वापरून 'एम' पर्यायाने (-m pip असं लिहून) पिप चालवायचं.

कर्वेनगरकर:
सबमिशनचा अख्खा कोड लिहून देऊ नये. तोंडी परीक्षेत अडकतात बिचारे. चुकीची ओळ दाखवा आणि त्या ओळीआधी व्हेरिएबल प्रिंट करायला सांगा. जुन्या उत्तराची लिंक देणार असाल तर त्यातला कुठला भाग लागू आहे तेही लिहा. नवख्याला चाळीस उत्तरांतून ते निवडता येत नाही.