शनिवारची पोकर टुर्नामेंट, रविवारची उपासना: कुठली रेघ ओलांडू नये?

गोवावेस_कोपरा
जय ख्रिस्त. बेळगावात मित्रमंडळींच्या पोकर टुर्नामेंट वाढायला लागल्यात. साधारण पद्धत अशी: वीस जण, एंट्री १,००० रुपये, प्रत्येकी १०,००० चिप्स (खेळातली नाणी), पहिल्या तासात रिबाय (चिप्स संपल्या की पैसे भरून पुन्हा घेणं), मग एकदा ॲड-ऑन (पैसे भरून जादा चिप्स). शनिवारी रात्री ९ ला सुरुवात. चर्चला नेमानं जाणाऱ्यानं यात बसावं का, आणि बसलाच तर काय सांभाळावं? ब्लफ (हलके पत्ते असून भारी असल्यासारखी पैज लावणं) म्हणजे खोटं बोलणंच की! जिंकलेल्यातून दशांश (चर्चला द्यायचा दहावा भाग) द्यायचा तर कसा काढायचा? "प्रार्थना करून ठरव" एवढंच उत्तर नको, नेमकं सांगा.

कॅम्पातला_गुलाम
आधी घड्याळ बघा, कारण रविवार बहुतेक वेळा तिथंच बुडतो. टेबलावरच्या एकूण चिप्स मोठ्या ब्लाइंडच्या (पत्ते बघण्याआधी सक्तीनं लावायच्या रकमेच्या) वीस पटीवर आल्या की टुर्नामेंट संपत येते, असा ढोबळ हिशेब आहे. वीस जणांचे २ लाख चिप्स, म्हणजे मोठा ब्लाइंड १०,००० व्हायला हवा. ५०-१०० (लहान-मोठा ब्लाइंड) पासून तिथवर चौदा लेव्हल (ब्लाइंड वाढण्याचे टप्पे) लागतात. वीस मिनिटांची लेव्हल धरली तर चार तास चाळीस मिनिटं, वर जेवणाची सुट्टी. ९ ला बसलात तर दोन वाजले. दहा रिबाय झाले की चिप्स तीन लाखांवर जातात आणि आणखी एक-दोन लेव्हल वाढतात. मग सकाळच्या मिस्सेला डोळे उघडे राहतील, पण कान बंद.

संध्याकाळी ६ ला सुरू करा, लेव्हल पंधरा मिनिटांची ठेवा, रिबाय काढून टाका. साडेतीन तासांत खेळ आटोपतो. आयोजक ऐकत नसेल तर त्या शनिवारी बसू नका. फायनल टेबलावर पोचल्यावर "मला सकाळी चर्च आहे" म्हणून कुणी उठत नाही.

खरा मोह ब्लफमध्ये नाही, रिबायमध्ये आहे. एंट्री हजार, दोन रिबाय, एक ॲड-ऑन, झाले चार हजार. आणि घरी सांगितलेला आकडा हजारच असतो. चांगलं खेळूनही हे होतं. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोरसुद्धा शंभरात साधारण अठरा वेळा हरते. ते अठरापैकी एक घडलं की माणूस तावातावानं खिशात हात घालतो. म्हणून मोजून तेवढीच रोकड न्यावी, फोनवरून पैसे पाठवायची सोय बंद ठेवावी, आणि तो आकडा बायकोला किंवा नवऱ्याला आधी माहीत असावा. लूकच्या चौदाव्या अध्यायातला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, तसं.

खानापूर_रोड
ब्लफबद्दल. खोटं म्हणजे समोरच्याचा सत्यावरचा हक्क हिरावून घेणं. पोकरात पानं झाकलेली असणार आणि बेट (लावलेली पैज) वाटेल तशी असणार, हे सगळ्यांनी मान्य करूनच एंट्री भरलेली असते. क्रिकेटमध्ये गुगली टाकणारा काय फसवणूक करतो का?

पण तोंड उघडलं की गोष्ट बदलते. डाव चालू असताना "माझ्याकडे फ्लश आहे" (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) म्हणणं बहुतेक टुर्नामेंटच्या नियमांत बसत नाही, मग ते खरं असो की खोटं. तेव्हा पानांबद्दल गप्प राहायचं. चिप्स दोन हप्त्यांत पुढे सरकवून समोरच्याचा चेहरा वाचणं, आपली पाळी यायच्या आधी पत्ते टाकायचं नाटक करणं, जिंकणारा हात असून मुद्दाम उशिरा उघडणं, यातल्या काही गोष्टींना दंड आहे, काहींना नाही. आपल्या माणसानं एकही करू नये.

आणि सगळ्यात जास्त होणारी लबाडी तर "चांगुलपणा" समजली जाते. एकाच चर्चच्या मंडळीतले दोघं एका टेबलावर आले की एकमेकांवर रेज करत (पैज वाढवत) नाहीत. उरलेल्या सात जणांच्या खिशातून केलेली ही मेहेरबानी झाली. भावाला सुद्धा बाकीच्यांसारखंच खेळा.

वडीलमंडळी_७२
माझं मत वेगळं आहे. कॅथलिक धर्मशिक्षणात (परिच्छेद २४१३) पैज किंवा पत्ते मुळात अन्याय मानलेले नाहीत. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या गरजेचा पैसा त्यात गेला की ते चूक ठरतं, असं आहे. आम्हा मेथॉडिस्टांची परंपरा कडक आहे. जॉन वेस्ली पैशाच्या उपयोगावरच्या प्रवचनात सांगतात की मिळवा, पण शेजाऱ्याच्या मालमत्तेला धक्का लावून नाही, आणि तिथं जुगाराचं नाव घेतात.

वीस जणांत चारजण तरी कर्जाचे हप्ते भरणारे असतील, त्यांचा हजार तुमच्या बक्षिसात येतो. तुमच्याकडे बघून युवक संघातला एखादा पोरगा बसला आणि त्याला थांबता आलं नाही, तर करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय तुमच्यासाठीच लिहिलाय. संडे स्कूल शिकवणाऱ्यांनी किंवा अर्पणाचा हिशेब ठेवणाऱ्यांनी तर बसूच नये. हौसच असेल तर पैसे न लावता, एका ढालीसाठी खेळा.

शहापूर_हिशेबनीस
कर आणि कायदा, कारण कैसराचं कैसराला द्यायचं आहे.

पत्त्यांच्या बक्षिसावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. एंट्री किंवा मागचा तोटा यातून वजा होत नाही. १५,००० जिंकलात, खर्च ४,०००, कर ४,६८०. हातात खरे उरले ६,३२०. दशांश त्याचा, ६३२ रुपये. वर्षभर हरलेल्या रात्रीही वहीत मांडल्या तर बऱ्याच जणांचा आकडा शून्याखाली जाईल, मग दशांश कशाचा? आणि पाळकांना किंवा फादरांना आधी विचारा. काही मंडळ्या असला पैसा घेत नाहीत.

कायद्याचं: २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात पोकर क्लबांच्या बाजूनं निकाल लागला, पण २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं पोकरला नशिबाचा खेळ ठरवलं. जागेचा मालक प्रत्येक डावातून कट घेत असेल तर तो अड्डा समजून उठावं. शिनोळी ओलांडून चंदगडच्या फार्महाऊसवर बसलात तर तिथं महाराष्ट्राचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, कर्नाटकाचा निकाल खिशात नेऊन चालत नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं बंदीचाच कायदा केला, कौशल्य असलं तरी.

गोवावेस_कोपरा
आभार. शेवटचे तिघं उरल्यावर बक्षीस वाटून घेणं (चॉप) हे पण मघाच्या मेहेरबानीतलंच का?

खानापूर_रोड
नाही. तिघांचीही संमती हवी, घड्याळ थांबवून आयोजकासमोर उघड बोलायचं, आणि रक्कम चिप्सच्या हिशेबानं काढायची. बाथरूमबाहेर दोघांनीच ठरवलं, तर ती फसवणूक. कुणी नको म्हटलं तर निमूटपणे पुढचे पत्ते वाटायचे, त्याच्यावर दबाव आणायचा नाही.