हळदीला काळं पाकीट? सांगलीकरांनो, बोला

घरची_हळद: यंदा आमची राजापुरी हळद दळून पाव किलोच्या पाकिटात विकायची म्हणतोय. डिझायनर म्हणतो काळं करा, काळा म्हणजे प्रीमियम. आई म्हणते, हळदीला काळं? लग्नघरात कोण नेईल?

मार्केटयार्ड: आईचं ऐका. गिऱ्हाईक लांबूनच पिवळं बघून हात घालतं. लाल म्हणजे भूक, निळा म्हणजे विश्वास, असली कोष्टकं घरी ठेवा म्हणावं. त्यापेक्षा 'सांगली' मोठं छापा. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, कशाला मिळालंय?

मिरजेचा_रंगारी: काळं अशुभ, तर मंगळसूत्रात मणी कुठले? संक्रांतीला काळी चंद्रकळा कोण नेसतं? अन् फळीवर दहा पिवळी पाकिटं असताना अकरावं कोण बघणार?

छापखानेवाला: अर्थ सोडा, शेजार बघा. पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात तक्रार आली, काळा धागा फिका दिसतो. शेव्हरल नावाच्या रसायनतज्ज्ञानं तपासलं तर रंग पक्का होता, खोट शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांची. त्यावर त्यानं १८३९ ला पुस्तकच काढलं. आपल्याकडं कांदा लाल जाळीत भरतात, जाळीतला कांदा जास्तच लाल दिसतो. बारीक जाळीचा रंग मालात मिसळतो, रुंद चौकटीचं उलटं. तुमच्या पाकिटाला आतला माल दिसणारी खिडकी असेल तर भडक पिवळ्यात खरी हळद मळकट दिसेल. जांभळट निळ्यात ठेवून बघा, उठून येते.

मार्केटयार्ड: म्हणजे डोळ्यांत धूळफेक! आधीच लोक मेटॅनिल यलो या कृत्रिम रंगाच्या भेसळीला भ्यालेत, त्यात तुम्ही हळद आहे त्याहून पिवळी दाखवा.

छापखानेवाला: मग भडक पिवळ्या पाकिटात माल झाकून विकणं प्रामाणिक का? मी निदान माल दाखवतोय.

तासगावची_सून: आमच्याकडं बेदाण्याचा सौदा रंगावर होतो, हिरवा असला की भाव चढतो. त्यामुळं रंगाला किंमत नाही हे मला पटत नाही. पण खिडकी नकोच. हळदीला पिवळेपणा देणारं करक्युमिन उजेडात मरतं. लुगड्यावरचा हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो, हे सासूबाईंना कोष्टकाशिवाय ठाऊक आहे.

मिरजेचा_रंगारी: हा मुद्दा मात्र बिनतोड. खिडकी गेली.

घरची_हळद: खिडकी रद्द. काल डिझायनरचा काळा कागद आईपुढं धरला. तिनं डब्यातली हळद तेलात कालवून त्यावर बोट ओढलं, बराच वेळ बघत बसली. "दिसतंय बरं," म्हणाली. पण लग्नाच्या ऑर्डरीला पिवळंच द्यायचं, हेही बजावलं. आता दोन रंगांची पाकिटं छापायचा खर्च किती येतो बघतो.